रचणाऱ्यानेच परीक्षण लिहावं का?

पियानोवर खालच्या 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत काळ्या-पांढऱ्या मिळून तेरा पट्ट्या येतात. त्यातल्या दोन किंवा अधिक पट्ट्या एकदम दाबल्या की झाली कॉर्ड. अशा कॉर्ड एकूण किती? प्रत्येक पट्टी एक तर दाबलेली असते नाही तर मोकळी, म्हणजे दोनाचा तेरावा घात, ८१९२. त्यातून एकही पट्टी न दाबण्याचा एक प्रकार आणि एकच दाबण्याचे तेरा प्रकार वजा केले की उरतात ८१७८. अमेरिकन संगीतकार टॉम जॉन्सनने १९८६ मध्ये या सगळ्या कॉर्ड एकही न गाळता ओळीने वाजवायचं ठरवलं आणि त्या यादीलाच रचना म्हटलं. नाव ठेवलं 'द कॉर्ड कॅटलॉग'. वाजवायला सुमारे दोन तास लागतात.

हाच माणूस त्याआधी दहा वर्षं न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात इतरांच्या मैफलींवर लिहीत होता. ३१ डिसेंबर २०२४ रोजी पॅरिसमध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी तो गेला. त्याच्या दोन्ही उद्योगांकडे एकत्र पाहिलं की एक जुना वाद पुन्हा उकरून काढावासा वाटतो. जो स्वतः रचना करतो, ज्याला उद्या त्याच रंगमंचावर, त्याच श्रोत्यांसमोर उभं राहायचं आहे, त्याने दुसऱ्याच्या रचनेचं जाहीर परीक्षण लिहावं का? आपल्याकडे याचं उत्तर तयारच असतं: गाणाऱ्याने गावं, लिहिणाऱ्याने लिहावं. मला ते उत्तर पटत नाही. नवं संगीत जन्माला येतं त्या काळात त्याबद्दल धड लिहू शकणारे बहुतेक वेळा ते संगीत करणारेच असतात. त्यांना गप्प बसवलं तर कोणीच लिहीत नाही, किंवा मग सगळे एकसारखंच लिहितात.

जॉन्सनचा जन्म १९३९ चा, कोलोरॅडोतल्या ग्रीली गावातला. येल विद्यापीठात शिक्षण झालं, त्यानंतर संगीतकार मॉर्टन फेल्डमनकडे खासगी शिकवणी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये संगीताची दोन गावं होती. वरच्या बाजूला मोठी सभागृहं, वाद्यवृंद, विद्यापीठं आणि दैनिकांचे समीक्षक. खालच्या बाजूला बंद पडलेल्या कारखान्यांच्या माळ्यांवर राहणारे कलावंत. १९७१ मध्ये एका नाट्यसंकुलाच्या स्वयंपाकघरात सुरू झालेली 'द किचन' ही जागा याच खालच्या गावातली. स्टीव्ह राइश, फिलिप ग्लास, मेरेडिथ मंक, रॉबर्ट ॲशली, फिल निब्लॉक ही संगीतकार मंडळी तिथे आणि आसपासच्या माळ्यांवर काम करत होती. मोठ्या दैनिकांच्या माणसाला तिकडे फिरकायचं काही कारणच नव्हतं. जॉन्सन मात्र त्याच वस्तीतला होता.

त्याच्या सुरुवातीच्याच लेखांपैकी एक राइशच्या 'ड्रमिंग'वर आहे. डिसेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ती रचना पहिल्यांदा वाजली. बाँगो, मरिंबा, ग्लॉकेनश्पील आणि मानवी आवाज यांची ही दीर्घ रचना बारा ठोक्यांच्या एकाच आकृतिबंधावर उभी आहे. दोन वादक तोच आकृतिबंध एकत्र वाजवायला लागतात. मग एकजण किंचित वेग वाढवतो, दुसरा जागचा हलत नाही. काही क्षण सगळा गोंधळ माजतो आणि पहिला नेमका एक ठोका पुढे जाऊन पुन्हा घट्ट बसतो. हे ज्याने कधी हाताने करून पाहिलेलं नाही, त्याला त्या गोंधळात वादकांची चूक दिसते. ज्याने करून पाहिलं आहे, त्याला ठाऊक असतं की अवघड काम जागेवर राहणाऱ्याचं आहे, कारण शेजारचा पुढे सरकायला लागला की आपला हातही नकळत त्याच्यामागे जातो. तबल्याच्या साथीला बसलेल्या कुणालाही हे निराळं सांगावं लागणार नाही. परीक्षणात असं एक वाक्य आलं की वाचकाला पुढच्या वेळी काय ऐकायचं ते कळतं. 'वादकांनी श्रोत्यांना मंत्रमुग्ध केलं' या वाक्याने काहीच कळत नाही.

जॉन्सनच्या लेखांत विशेषणं कमी आणि हालचाली जास्त. वादक कुठे बसले होते, एक आवाज किती वेळ टिकला, मध्ये काय बदललं, श्रोते केव्हा चुळबुळायला लागले. कडक निकाल क्वचितच. मार्च १९७२ मध्ये संगीतकार आल्विन लूसिएच्या कामावर लिहिताना त्याने 'मिनिमल' (अगदी मोजक्या साधनांचं) हा शब्द वापरला. समीक्षक आणि संगीतकार मायकेल नायमनने लंडनमध्ये तो १९६८ मध्येच संगीतासाठी वापरला होता, त्यामुळे श्रेयाचा वाद अजून मिटलेला नाही आणि मिटायची गरजही नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॉन्सनने ला माँट यंग, टेरी रायली, राइश आणि ग्लास या चौघांना एका लेखात एकत्र घेऊन त्यांना 'न्यूयॉर्क हिप्नॉटिक स्कूल' असं नाव सुचवलं. म्हणजे घराण्याचंच नाव म्हणा. ते नाव रुजलं नाही. चौघांची मोट मात्र कायमची बांधली गेली. आज या संगीताचा इतिहास कुणीही लिहायला घेतला की हेच चौघे याच गटात येतात. (यंग आणि रायली तेव्हा किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकत होते, मिरजेच्या वाटेने किराना ओळखणाऱ्या आपल्या श्रोत्याला ही वंशावळ गंमतशीर वाटेल.) हे चौघं एका जातीचे आहेत हे ओळखायला संगीत आतून कळावं लागतं, कारण वरवर पाहता यंगचा तासन्‌तास लांबलेला एक स्वर आणि ग्लासचे धावते सुरांचे तुकडे यांत काडीचं साम्य नाही.

आता आक्षेप. ते खोटे नाहीत, आणि उदाहरणंही हवी तेवढी आहेत.

पहिला आक्षेप स्वार्थाचा. व्हर्जिल थॉमसन हा अमेरिकन संगीतकार १९४० ते १९५४ या काळात 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'चा प्रमुख संगीत समीक्षक होता. लेखणी अशी की आजही वाचावी. पण त्या चौदा वर्षांत त्याच्या रचना वाजवणारे वादक आणि वाद्यवृंद, आणि त्यांच्यावर परीक्षण लिहिणारा तोच, ही गोष्ट शहरात सगळ्यांना ठाऊक होती. इथे कुणी लाच देत नाही आणि कुणी मागतही नाही. कार्यक्रम ठरवणाऱ्याच्या मनात एवढंच येतं की यंदा थॉमसनचं काहीतरी घ्यायला काय हरकत आहे. बिघाड होतो तो इथेच.

दुसरा आक्षेप वैराचा. संगीतकार ह्यूगो वोल्फने १८८४ ते १८८७ या काळात व्हिएन्नाच्या एका साप्ताहिकात त्या काळचा मोठा संगीतकार ब्राम्स याची सालं काढली. १८८६ मध्ये संचालक हान्स रिश्टरच्या हाताखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने वोल्फची 'पेंथेसिलिया' ही रचना तालमीत वाजवून पाहिली आणि वादक हसत सुटले. स्तंभातल्या शब्दांचा सूड रचनेवर उगवला गेला. टीका करणाऱ्या रचनाकाराला हा धोका नेहमीच असतो, आणि म्हणून बहुतेक रचनाकार शहाणपणाने गप्प बसतात.

तिसरा आक्षेप गोतावळ्याचा, आणि तोच जॉन्सनला खरा लागू पडतो. ज्यांच्याबद्दल लिहायचं ते शेजारी, मित्र, एकाच जागेत आलटून पालटून कार्यक्रम करणारे. दहा वर्षं त्याच पन्नास-शंभर माणसांबद्दल लिहिलं की मतं मऊ पडतात. जॉन्सनच्या लेखांत ती कधीकधी पडलीही आहेत. काही रचनांबद्दल तो नको इतका समजूतदार आहे.

तरीही त्याचे लेख टिकले, कारण त्यातलं वर्णन तपासता येतं. त्याचं मत बाजूला काढून ठेवलं तरी त्या संध्याकाळी काय वाजलं हे हातात उरतं. थॉमसनच्या आवडीनिवडीवर विश्वास ठेवायचा की नाही हे वाचकाला ठरवावं लागतं. जॉन्सनच्या बाबतीत तो प्रश्न फारसा येत नाही, कारण नियम, वाद्यं, वेळ, क्रम असा सगळा पुरावा त्याने समोर मांडलेला असतो. 'व्हिलेज व्हॉइस'मधल्या १९७२ ते १९८२ या काळातल्या लेखांचा संग्रह 'द व्हॉइस ऑफ न्यू म्युझिक' या नावाने १९८९ मध्ये नेदरलँड्समधून निघाला, आणि त्या दशकाचा अभ्यास करणाऱ्याला त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या मैफलींची ध्वनिमुद्रणं झाली नाहीत, त्या या लेखांपुरत्याच उरल्या आहेत.

इथवर समीक्षकाबद्दल झालं. रचनाकार जॉन्सनला ही तपासू देण्याची सवय कुठे घेऊन गेली हे पाहणं जास्त मजेचं आहे, कारण त्याच्या अनेक रचना स्वतःचं परीक्षण स्वतःच करतात.

१९७१ च्या 'ॲन अवर फॉर पियानो'ला जोडलेली टिपणं संगीत चालू असतानाच वाचायची आहेत. आपण वाचतोय की ऐकतोय हाच त्या टिपणांचा विषय. १९७२ च्या 'फोर नोट ऑपेरा'त फक्त चार स्वर आहेत. पाश्चात्त्य नावांनी ए, बी, डी, ई. डी हा षड्ज धरला तर सा, रे, प, ध. म्हणजे भूपातला गंधार काढून घेतला आणि उरलेल्यावर पूर्ण नाटक उभं केलं. आपल्याकडे रागाला किमान पाच स्वर हवेत हा दंडक आणि तीन स्वरांत गायल्या जाणाऱ्या मालश्रीचं कौतुक, दोन्ही ज्यांना माहीत आहे त्यांना ही तंगी लगेच कळेल. पात्रं गातात ती चालू असलेल्या गाण्याबद्दलच: आता माझं पद, आता आपण तिघं, हा स्वर पुन्हा आला. १९७५ च्या 'फेलिंग'मध्ये डबल बासचा वादक वाजवता वाजवता एक मजकूर मोठ्याने वाचतो. हे दोन्ही एकदम करणं उत्तरोत्तर कठीण होत जाणार आहे, असं तो मजकूरच त्याला आणि आपल्याला सांगतो. वादक गजाकडे लक्ष देतो तेव्हा बोलणं यंत्रासारखं होतं, बोलण्याकडे लक्ष देतो तेव्हा सूर घसरतो. फसणं हेच यश असेल तर न फसता वाजवणाऱ्याचं काय, हाही प्रश्न मजकुरातच आहे. १९८८ च्या 'रीमान ऑपेरा'चा तर सगळा मजकूर जर्मन संगीतशास्त्रज्ञ ह्यूगो रीमानच्या संगीतकोशातला.

याला आपल्याकडे एक सख्खं भावंड आहे आणि ते फार कमी वेळा आठवलं जातं: लक्षणगीत. भातखंड्यांनी 'चतुर' या नावाने बांधलेल्या लक्षणगीतांत शब्द रागाचीच माहिती देतात. वादी कोण, संवादी कोण, आरोहात काय वर्ज्य, कोणत्या प्रहरी गायचं. आणि ज्या सुरावटीवर हे शब्द बसवले आहेत ती सुरावट तोच राग असते. भातखंडे स्वतः रचनाकार होते, आणि चालू गाण्याची चिकित्सा करणारेही. त्या दोन उद्योगांचा सांधा लक्षणगीतात दिसतो. फरक हेतूचा: लक्षणगीत विद्यार्थ्यासाठी, जॉन्सनची रचना तिकीट काढून आलेल्या श्रोत्यासाठी. आपण लक्षणगीत वर्गातच ठेवलं, मैफलीत आणायचं धाडस कुणी केलं नाही.

भारताशी जॉन्सनचा उघड संबंध मात्र वेगळ्या वाटेने आला. नारायण पंडिताच्या १३५६ मधल्या 'गणितकौमुदी'त एक उदाहरण आहे. एक गाय दर वर्षी एक वासरू देते. प्रत्येक वासरू चौथ्या वर्षापासून दर वर्षी एक वासरू देतं. वीस वर्षांनी गायी-वासरं मिळून किती? उत्तर २७४५. जॉन्सनने १९८९ मध्ये यावर 'नारायणाज काऊज' ही रचना केली. विण्याजोगी गाय म्हणजे दीर्घ स्वर, वासरू म्हणजे ऱ्हस्व. आपल्या भाषेत गुरू आणि लघू. पहिल्या वर्षी गुरू-लघू. दुसऱ्या वर्षी गुरू-लघू-लघू. तिसऱ्या वर्षी आणखी एक लघू. चौथ्या वर्षी थोरलं वासरू स्वतः गाय होतं, म्हणून गुरू-लघू-लघू-लघू-गुरू-लघू, सहा स्वर. मग ९, १३, १९, २८, ४१, ६०. निवेदक मध्ये मध्ये किती वर्षं झाली, किती जनावरं झाली ते सांगतो. ही रचना फसते ती एकाच जागी: दीर्घ आणि ऱ्हस्व यांतलं अंतर सैल झालं की गाय कोणती आणि वासरू कोणतं ते कळेनासं होतं, आणि मग उरतं नुसतं लांबत जाणारं वाजवणं. भावपूर्ण वाजवण्याची सवय असलेले वादक इथे हमखास फसतात. सुरावट जरा सुंदर वाटली की रेंगाळतात, आणि एक वासरू अकाली गाय होतं.

हे सगळं पाश्चात्त्य विक्षिप्तपणा म्हणून झटकून टाकायची सोय आपल्याला नाही. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाकडे जमाखर्चाचा मोठा अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याच्या पहिल्याच अध्यायात सात स्वरांच्या सगळ्या मांडण्यांचा हिशेब आहे: ५०४०. नुसती संख्या सांगून तो थांबत नाही. खंडमेरू नावाचा तक्ता देतो. पहिल्या स्तंभात १. दुसऱ्यात ०, १. तिसऱ्यात ०, २, ४. चौथ्यात ०, ६, १२, १८. असं करत सातव्यात ० पासून ७२० च्या पटीत ४३२० पर्यंत. कोणतीही तान घ्या, ती यादीत कितवी हे यावरून काढता येतं. तीनच स्वरांवर करून पाहा. सा-रे-ग यांचा प्रस्तार, म्हणजे सगळ्या मांडण्यांची यादी, अशी: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. 'गसारे' कितवी? शेवटी रे आहे. मूळ क्रमात शेवटून मोजलं तर रे दुसरा, म्हणून तिसऱ्या स्तंभातलं दुसरं घर, २. उरले ग आणि सा. शेवटी सा, मूळ क्रमात (सा, ग) शेवटून तोही दुसरा, म्हणून दुसऱ्या स्तंभातलं दुसरं घर, १. पहिल्या स्तंभातला १ मिळवा. चार. यादीत ती चौथीच आहे.

मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याने मेरुखंडाच्या रूपात हा विचार गाण्यात आणला. पण तिथे राग चाळणी लावतो. जी मांडणी रागात बसत नाही ती गळते, आणि उरलेल्यातून गायक निवडतो. जॉन्सन चाळणीच फेकून देतो. 'कॉर्ड कॅटलॉग'मध्ये दोन स्वरांच्या ७८, तीन स्वरांच्या २८६, चार स्वरांच्या ७१५, पाच स्वरांच्या १२८७, सहा स्वरांच्या १७१६, सात स्वरांच्याही १७१६, आणि मग त्याच पायऱ्यांनी उतरत तेरा स्वरांची एक. तेराच्या तेरा पट्ट्या दाबायला दहा बोटं पुरत नाहीत. काही बोटांना लगतच्या दोन पट्ट्या घ्याव्या लागतात. मधल्या ३४३२ कॉर्डमध्ये एखादी निसटली तर ते ओळखणारा श्रोता विरळा, पण निसटली की रचनेला अर्थ उरत नाही, कारण 'सगळ्या' हाच तर तिचा एकमेव दावा. रियाजाची वही रंगमंचावर आणली असं कुणी म्हणालं तर ते बरोबर आहे. माझं म्हणणं इतकंच की रियाजात काय असतं हे श्रोत्याला कधीतरी उघड दिसायला हवं.

रचना करायची नसते, ती सापडायची असते, असं जॉन्सन सांगत असे. परीक्षणातही त्याने तेच केलं. या दोन कामांत भांडण आहे असं आपण मानतो ते परीक्षण म्हणजे निकाल अशी आपली समजूत झाल्यामुळे. निकाल द्यायचा तर न्यायाधीश पक्षकार नसावा हे ठीकच. पण काय घडलं ते सांगायचं असेल, तर ज्याचे हात त्या कामात मळले आहेत तो जास्त उपयोगी.

मराठीत याला परंपरा नाही असंही नाही. केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या नावाने गायकांवर लिहिलं आणि प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'कुंकू' (१९३७) यांना संगीतही दिलं. टोपणनाव घ्यावंसं वाटावं इतकं ते काम तेव्हाही अडचणीचं असावं. माझं मत, नाव खरं घालावं. गुरू, शिष्य, गुरुबंधू आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत आपल्याला कार्यक्रम दिलेले आयोजक यांच्यावर लिहू नये. ओळख असेल तर ती लेखाच्या पहिल्या परिच्छेदातच सांगून मोकळं व्हावं. वाचक त्याचा हिशेब बरोबर लावतो. पाचपैकी किती तारे असला प्रकार नको. आणि चारशे शब्द मिळाले तर निदान तीनशे शब्दांत काय गायलं गेलं ते यावं: बंदिशीचा मुखडा, ताल, विलंबित किती विलंबित, तबलजीने ठेका कुठे भरला आणि कुठे साधा ठेवला, तानांना सुरुवात केव्हा झाली, माइकने तानपुरा खाल्ला का. हिवाळ्यातल्या महोत्सवांची आपली वृत्तं पाहावीत. रागाचं नाव असतं, साथीदारांची यादी असते, मग 'स्वरवर्षाव' आणि 'टाळ्यांचा कडकडाट'. गायकाचं नाव बदलून तोच मजकूर पुढच्या वर्षी छापला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. असं लिहिण्यात कुणाचाच हितसंबंध दुखावत नाही, हे मात्र खरं.

दर आठवड्याच्या स्तंभाची किंमतही मोजावी लागते. जॉन्सनने १९८२ नंतर तो सोडला आणि १९८३ मध्ये पॅरिस गाठलं. वर सांगितलेली ८१७८ कॉर्डची यादी, नारायणाच्या गायी, 'रीमान ऑपेरा', सगळं त्यानंतरचं. आपल्या रचना छापायला त्याने स्वतःचंच प्रकाशन काढलं: एडिसियाँ ७५. 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये १९८६ पासून २००५ पर्यंत नव्या संगीतावर लिहिणारा काइल गॅनही संगीतकारच होता.